दर दोन तासांचा पेला

“ती नको म्हणेल. हात जोडेल, रडेल, तुम्हाला नाही नाही ते बोलेल. तुम्ही ऐकायचं नाही. दर दोन तासांनी एक पेला. झोपली असली तर उठवून द्यायचा.”

रुग्णालयातल्या आहार ठरवणाऱ्या बाईंचा हा आवाज चार दिवस वन्संच्या कानात ठाण मांडून बसला होता. बाईंनी ते काही दटावून सांगितलं नव्हतं. खुर्ची ओढून, जवळ बसून, घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं होतं. म्हणूनच ते जास्त टोचत होतं. कारण आज सकाळचा आठचा पेला वन्संनी बेसिनमध्ये ओतला होता. दहाचा अर्धा ओतला होता. आणि आता बाराचा त्यांच्या हातात होता.

खरं तर त्या फक्त भिंगरीच्या वन्सं, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. पण भिंगरी दिवसभर “वन्सं, वन्सं” करायची, ते ऐकून वॉर्डातल्या सगळ्यांनी तेच नाव उचललं होतं. डॉक्टरसुद्धा “वन्सं, जरा बाजूला” म्हणायचे.

भिंगरी हे नाव मात्र वन्संनीच ठेवलेलं. नवी नवरी घरात आली ती एका जागी दोन मिनिटं ठरेना, म्हणून जरा चिडूनच ठेवलेलं. अकरा वर्षं दोघींचं सख्य असं कधी झालं नाही. एकीला भाजी खारट लागली की दुसरीला ती हटकून अळणी लागायची. भिंगरी एका कचेरीच्या कँटीनमध्ये चाळीस माणसांचा स्वयंपाक करायची. सोळा दिवसांपूर्वी तिथली गॅसची नळी निसटली, भडका उडाला. ती पाठमोरी होती म्हणून चेहरा वाचला. पाठ, दोन्ही हातांची आणि मांड्यांची मागची बाजू गेली. “शंभरातले अडतीस भाग,” डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा ती गुंगीत म्हणाली, “पस्तीसला पास ना? मग झाले मी पास.” सगळे हसले होते. वन्संनी मात्र भिंत धरली होती.

वॉर्डात बारा खाटा होत्या आणि एकही पंखा नव्हता. खोली मुद्दाम गरम ठेवलेली. भाजलेल्या अंगाला थंडी वाजून चालत नाही, ऊब धरायला शरीर जे खर्च करतं तेवढंही त्याला परवडत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. अंगात झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. वन्संच्या पाठीवरून घामाचे ओघळ वाहायचे आणि मास्कच्या आत स्वतःचाच श्वास परत परत तोंडावर यायचा.

“आग विझली असं तुम्हाला वाटतं,” बाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या. “बाहेरची विझली. आत भट्टी पेटलेलीच आहे. निजलेल्या माणसाला लागतं त्याच्या दुप्पट तिला लागतंय. आपण दिलं नाही, तर ती भट्टी काही थांबत नाही. मग ती मांड्या खाते, दंड खाते, शेवटी श्वास ओढणारे स्नायू खाते. आणि नवं कातडं लावलं तर ते धरणार कशावर? भिंत ओली असताना रंग टिकतो का?”

वन्संनी हे सगळं मान हलवून ऐकलं होतं. पण आजारी माणसाचं पोट हलकं ठेवायचं, हेच त्यांनी जन्मभर पाहिलेलं. स्वतः त्या कितीतरी वर्षं दिवसातून एकदाच जेवत. पोट रिकामं असलं की मन देवाजवळ राहतं, असा त्यांचा अनुभव. म्हणून बाईंचं बोलणं पटलं डोक्याला, मनाला नाही.

त्यात ती नळी. पहिले बारा दिवस भिंगरीच्या नाकातून पोटापर्यंत नळी होती आणि दुधासारखं पातळ अन्न थेंब थेंब आत जायचं. चार दिवसांपूर्वी तिनं रडून-भेकून ती काढायला लावली. बाई म्हणाल्या, “बरं. तेच अन्न पेल्यानं, तोंडानं घेऊन दाखव. जेवढं ठरवलंय तेवढं गेलं पाहिजे. नाही गेलं तर नळी परत.” आणि खाटेच्या पायथ्याशी तक्ता लावला गेला. दर दोन तासांचा एक चौकोन. पेला गेला की वन्संनी बरोबरची खूण करायची. सिस्टर दोघी आणि पेशंट बारा, तेव्हा हे काम घरच्या माणसाचं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरीनं वन्संच्या झग्याची कड दोन बोटांत धरली. तेवढीच बोटं बँडेजबाहेर होती. “वन्सं, तुमच्या पाया पडते. सांडून द्या. गेलं म्हणून लिहा.”

अकरा वर्षांत तिनं वन्संकडे साधी सुई मागितली नव्हती. एकदाच, असं म्हणून त्यांनी पेला ओतला आणि खूण केली. दोन तासांनी पुन्हा एकदाच. मग मोजायचं सोडून दिलं.

त्या दिवसापासून त्यांचा जप बिनसला. पहाटे उठून डोळे मिटले की पाच-सात वेळा नाव यायचं आणि मग जीभ अडायची. ज्या बोटांनी खोटी खूण केली, त्याच बोटांनी मणी ओढायचे? त्या माळ परत पिशवीत ठेवायच्या. देवा, तुला सगळं दिसतंय, तूच सांभाळ, एवढंच म्हणायच्या. पण ते म्हणतानाही वाटायचं, हे सांभाळायला सांगणं नव्हे, हे तर झाकायला सांगणं झालं.

धाकटा भाऊ रोज संध्याकाळी कामावरून यायचा आणि काचेपलीकडून बायकोकडे बघायचा. त्याला आत सोडत नसत. तक्त्यावरच्या खुणा त्याला तिथून दिसायच्या. तो फोनवर म्हणायचा, “ताई, एकही चौकोन रिकामा नाही गं. आता होईल ती बरी. तू आहेस म्हणून.” वन्सं “हो रे” म्हणायच्या. मग घाईनं फोन ठेवायच्या.

आणि भिंगरी आटत चालली होती. आली तेव्हा एकसष्ट किलो. काल खाटेच्या काट्यावर त्रेपन्न. मोठ्या सिस्टरनी तो आकडा दोनदा पाहिला. “इतकं खातेय आणि उतरतेच आहे?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मागच्या आठवड्यात खांद्यावर लावलेलं कातडं अर्धं निसटलं होतं. उद्या सकाळी पुन्हा लावायचं होतं. मांडीच्या पुढच्या बाजूचं कातडं काढून खांद्यावर. त्या मांडीकडे वन्संना बघवत नव्हतं. मनगटाएवढी झाली होती.

बाराच्या पेल्याआधी मोठ्या सिस्टर सुई घेऊन आल्या. भिंगरीला मधुमेह नव्हता, पण भाजल्यामुळे अंगातली साखर उधळते, म्हणून आज दुपारपासून जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं ठरलं होतं.

“पेला तयार आहे ना, वन्सं? सुई दिली की लगेच गेला पाहिजे.”

“हो हो, लगेच,” वन्सं म्हणाल्या. आणि खरंच, त्या क्षणी त्यांच्या मनात तसंच होतं.

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. वन्संनी चमचा पुढे केला. एक गेला. दुसरा ओठावरून हनुवटीवर आला. तिसऱ्याला भिंगरीनं दात आवळले.

“भिंगरे, असं नको करू गं. आज तरी.”

“वन्सं, नाही जात. नाही जात म्हणते ना.”

“दोन घोट.”

“तुम्हीच प्या. बघा काय चव आहे ती. भिंतीला लावायचा चुना बरा.”

वन्संना हसू आलं आणि त्या हसण्यातच त्यांचा निर्धार वितळला. त्या पेला घेऊन न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला, पेला उपडा केला. मागं वळल्या तर दारात वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशी.

“तीन दिवस बघतेय,” मावशी फडकं पिळत म्हणाल्या. “ह्या बेसिनला दूध कोण पाजतंय? वास तरी बघा. बाळसं धरेल आता मेलं.”

वन्संनी घाईनं पेला विसळला. मावशी नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं. वन्सं तशाच परतल्या, पेन उचललं आणि बाराच्या चौकोनात खूण केली. खुणेची शेपूट पुढच्या चौकोनात गेली.

एक वाजून गेला. भिंगरी कुशीवर पडली होती. तिच्या कपाळावर घाम दिसला. या भट्टीत घाम कोणाला येत नाही, असं म्हणून वन्संनी तो टिपला. कपाळ गार लागलं. गार आणि चिकट.

“वन्सं,” भिंगरी म्हणाली, “डबे भरायचे राहिलेत.”

“कसले डबे?”

“चाळीस. साहेब ओरडतील. ते झाकण... झाकण कुठे गेलं?”

तिची जीभ जड झाली होती. डोळे उघडे होते, पण ते वन्संकडे बघत नव्हते, वन्संच्या पलीकडे कुठेतरी बघत होते. बँडेजबाहेरची बोटं थरथरत होती. मग तीही थांबली.

“भिंगरे? ए भिंगरे! अगं माझ्याकडे बघ. ए बाई, बोल ना काहीतरी!”

काही नाही.

आयुष्यात वन्संचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. त्या वेळी तो बारा खाटांपलीकडे गेला. “सिस्टर!”

मोठ्या सिस्टर धावत आल्या. बोटाला टोचून थेंब पट्टीवर घेतला. यंत्रानं आकडा दाखवेपर्यंतची ती पाच सेकंदं वन्संना कधीच विसरता आली नाहीत. त्यांनी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि नावच आठवलं नाही.

“बेचाळीस! साखर पडलीय. ग्लुकोज आणा, पळा!”

जाड सिरिंजमधून ग्लुकोज शिरेत गेलं. सगळे भिंगरीच्या तोंडाकडे बघत होते. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग तिच्या पापण्या हलल्या. “पाणी,” ती म्हणाली. वन्सं खाटेचा दांडा धरून खाली बसल्या.

डॉक्टर आले तेव्हा भिंगरी ग्लानीत होती, पण हाकेला ओ देत होती. त्यांनी तक्ता हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“एवढं पोटात जातंय. बाराचा पेलाही पूर्ण. आणि साखर बेचाळीस? वजनही उतरतंय.” ते सिस्टरकडे वळले. “सिस्टर, मला हे लक्षण चांगलं दिसत नाही. रक्तात जंतू शिरले असणार, नाहीतर यकृत हात टेकतंय. रक्त तपासायला पाठवा. ते शेवटचं भारी औषध सुरू करा. किडनीला जड जाईल, पण करणार काय? आणि उद्याचं कातडं लावणं रद्द. अशा अंगाला भूल देता येणार नाही.”

“हिचा नवरा काचेशी येईल संध्याकाळी. काय सांगू त्याला?” सिस्टरनी विचारलं.

“तयारीत राहा म्हणावं.”

मावशी पलीकडच्या खाटेखाली फडकं फिरवत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या काही बोलणार नव्हत्या, हे वन्संना कळलं. आणि मावशी बोलल्या नाहीत तर कोणीच बोलणार नाही, हेही कळलं. गप्प राहिलं तर कोणाला कधी पत्ता लागला नसता. भिंगरीच्या किडन्या गेल्या असत्या, आणि धाकटा म्हणाला असता, ताई, तू तर सगळं केलंस.

बोललं तर तो त्यांचं तोंड बघणार नाही. भिंगरी तर जन्मात नाही.

“डॉक्टर,” वन्सं म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टर चालू लागले होते ते थांबलेच नाहीत. वन्संनी मास्क खाली ओढला. “डॉक्टर, तो तक्ता खोटा आहे.”

ते वळले.

“ती खात नाही. मी ओतून देते. बाराचा पेला मीच ओतला. खुणा माझ्या आहेत. सगळ्या.”

मग मोठ्या सिस्टरचा चेहरा लाल झाला. “मी सुई दिली! तुम्ही हो म्हणालात म्हणून मी सुई दिली! मेली असती ती माझ्या हातून, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय,” वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले, उघडले. “ते भारी औषध थांबवा,” ते सिस्टरना म्हणाले. “रक्त मात्र पाठवा, खात्री करून घेऊ. जेवणाच्या सुया बंद. आणि आहाराच्या बाईंना बोलवा.”

बाई आल्या. त्या ओरडतील अशी वन्संना आशा होती, कारण ओरडणं सोसता येतं. बाईंनी तक्ता आणि लाल पेन घेतलं आणि खुर्ची ओढली. पुन्हा तशीच, जवळ.

“चला. एकेक चौकोन. खरं सांगा. परवा सकाळी आठ?”

“पूर्ण.”

“दहा?”

“पूर्ण.”

“बारा?”

“चार चमचे.”

“दोन?”

“बेसिन.”

“चार?”

“बेसिन.”

तीन दिवसांचे चौकोन असे एकामागून एक आले. प्रत्येक “बेसिन”वर बाई लाल काट मारत गेल्या. शेवटी तक्त्यावर निळं थोडं आणि लालच जास्त दिसू लागलं. वन्संना वाटलं, यापेक्षा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं.

“लागतं त्याच्या चौथाई,” बाई म्हणाल्या. “बाकीचं तिच्या मांड्यांनी भरलं.” मग पेनाचं टोपण लावत त्यांनी विचारलं, “ती नको का म्हणते, विचारलंत?”

“चव आवडत नाही म्हणते. जात नाही म्हणते.”

“ते झालं तिचं बोलणं. कारण विचारलंत?”

नव्हतं विचारलं. अकरा वर्षांत भिंगरीला कधी कशाचं कारण विचारलं नव्हतं.

बाई डॉक्टरांशी बोलायला गेल्या. वन्सं खाटेशी गेल्या. भिंगरी जागी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

“चहाडखोर,” ती म्हणाली.

“आहे.”

“आता घालतील परत नळी. झालं समाधान?”

“भिंगरे, का गं खात नाहीस? खरं सांग. चुन्याबिन्याचं नको सांगू.”

भिंगरीनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग अगदी हळू म्हणाली, “खाल्लं की पोट हलतं. मग संडासाचं भांडं द्यायला मला पाठीवर वळवतात. वन्सं, पाठीवर. कातडं नाही तिथे. अंगाखालची चादर अशी चिकटते आणि उचलताना... आणि मळलं की पट्ट्या बदलायच्या, तो तास वेगळा. न खाल्लं तर एक दिवस सुटका होते. एवढंच.” तिच्या डोळ्यांतून पाणी उशीत उतरलं. “सांगणार कसं? तुम्हाला? तुमच्यासमोर मी कधी पोट दुखतं असं नाही म्हटलं.”

वन्संनी तिच्या कपाळावर हात ठेवला. आता ते गरम होतं. या गरम कपाळाचा त्यांना इतका आधार वाटला की त्यांनी हात काढलाच नाही.

बाई मोठ्या सिस्टरना घेऊन परतल्या, तेव्हा वन्संनी ते सगळं त्यांना सांगितलं. लाजत, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. सिस्टरचा राग अजून नाकावर होता, तरी त्या खाटेशी वाकल्या.

“एवढंच होतं होय गं? अगं, आधी दुखण्याचं औषध देऊ, अर्ध्या तासानं भांडं. आणि वळवायचंच नाही, चौघींनी चादरीसकट कुशीवरच उचलू. तोंड उघडायचंस ना, खायला नाही तर सांगायला तरी!”

“नळी मात्र घालायचीच,” बाई म्हणाल्या. “आज, चार वाजता. तीन दिवसांची तूट तोंडानं भरून निघणार नाही. पण एकदम नाही, हळूहळू वाढवू. इतकी उपाशी राहिलेली आहेस, एकदम भडिमार केला तर तोही सोसणार नाही. सगळं नीट गेलं, रक्ताचा अहवाल चांगला आला, तर पाच-सहा दिवसांनी कातड्याचं बघू.”

“आणि नीट नाही गेलं तर?” वन्संनी विचारलं.

बाईंनी नवा तक्ता लावला, कोरा. त्याच्याजवळचं पेन काढून सिस्टरच्या खिशात अडकवलं.

साडेतीनला धाकट्याला फोन करून वन्संनी सगळं सांगितलं. पलीकडे त्याच्या कारखान्यातल्या यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “ताई, आत्ता मला काही बोलता येत नाही,” आणि फोन ठेवला. वन्संनी फोन पिशवीत टाकला.

परत आल्या तेव्हा खाटेशेजारी ट्रे मांडलेला होता. नळी, जेली, चिकटपट्टी, सिरिंज. भिंगरी ट्रेकडे बघत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“वन्सं, घशाशी आली की मला कँटीनच दिसतं,” ती म्हणाली. “धूर आत जातो आणि बाहेर येतच नाही. मागच्या वेळी मी डोळे फिरवून तुम्हाला शोधत होते. तुम्ही पळालात.”

हे खरं होतं. भिंगरीच्या घशातून निघालेला तो पहिला आवाज ऐकताच वन्संनी पदर कानांवर घेतला होता आणि जिना उतरून थेट खालच्या बाकापर्यंत गेल्या होत्या. नळी घालून झाल्यावर अर्ध्या तासानं वर आल्या होत्या. कोणाला कळलं नाही असं त्यांना वाटलं होतं.

“आज नाही जाणार,” वन्सं म्हणाल्या.

“सिस्टर घरच्यांना बाहेर काढतात.”

“मी सांगेन त्यांना.”

“तुम्ही? तुम्ही सांगणार?” भिंगरीनं हसायचा प्रयत्न केला, तो मधेच मोडला. “तुम्हाला रक्त बघवत नाही, उलटी बघवत नाही. पडाल तिथेच. मग आधी तुम्हाला उचलतील आणि मग मला.”

“पडले तर पडले. तुझ्या डोळ्यांपुढे पडेन.”

“नक्की?”

“नक्की.”

मोठ्या सिस्टर हातमोजे चढवत आल्या. “चला, नातेवाईकांनी बाहेर व्हायचं.”

“मी थांबते, सिस्टर,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. “तिला शब्द दिलाय.”

सिस्टरनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाही म्हणायला त्यांच्याजवळ कारणं पुष्कळ होती. शेवटी त्यांनी हनुवटीनं बेसिनकडे खूण केली. “कोपरापर्यंत धुऊन या. नवा झगा घाला. आणि चक्कर यायला लागली तर खुर्ची धरा, माझा हात नाही.”

वन्संनी नळ सोडला. त्यांनी बोटांच्या बेचक्या घासल्या, मनगटं घासली, कोपरं घासली. नव्या झग्याचे बंद दोनदा सुटले, तिसऱ्यांदा बसले. मग मास्क नाकावर दाबून त्या भिंगरीच्या खाटेचा पडदा सारून आत गेल्या.